पुन्हा लावण्याजोगी अक्षरे

पहाटे रस्त्यावरून पोदेराच्या सायकलीचा भोंगा ऐकू आला, की गोव्यातील कोणत्याही घरात पाव आल्याची निराळी वर्दी द्यावी लागत नाही. त्याच्या सायकलीला पाटी नसते, पाटीवर चित्र नसते, 'आजच घ्या' असा आग्रह नसतो. भोंगा रोज तोच असतो आणि त्याच्या मागोमाग रोज ताजा पाव असतो. एवढ्यावरच घरोघरच्या माणसांचा त्यावर विश्वास बसलेला आहे. जाहिरातीचे याहून साधे आणि याहून खरे रूप आमच्या पाहण्यात नाही.

परंतु प्रत्येक व्यवसायाला भोंगा वाजवीत दारोदार फिरणे शक्य नसते. जो दुकान मांडून एका जागी बसला, त्याला रस्त्याने जाणाऱ्याचे पाऊल थांबवावे लागते. आणि लहान दुकानदारापाशी त्यासाठी बहुधा एकच साधन असते, ते म्हणजे दर्शनी भागाची काच. या काचेवर काय लिहावे, ते कशाने लिहावे, आणि मुख्य म्हणजे लिहिलेले केव्हा काढून घ्यावे, याविषयी चार शब्द आम्ही येथे लिहिणार आहोत. शाळेच्या वार्षिकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेल, अशी आमची आशा आहे.

दुकानाला काच ही गोष्ट आमच्याकडे तशी नवीनच. जुन्या गोमंतकीय घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ, अर्धपारदर्शक तुकडे बसविलेले असत. आणि जुन्या दुकानांना लाकडी फळ्या असत. सकाळी फळ्या काढल्या म्हणजे दुकान उघडे, रात्री त्या खाचेत सरकवल्या म्हणजे बंद. आत काय आहे ते गिऱ्हाईक उंबरठ्याशी उभे राहून पाही. काच आली, आणि दुकानाला प्रथमच बोलता येईल असा चेहरा मिळाला. हा चेहरा आपण कसा वापरला, हे पाहण्यासारखे आहे.

गेल्या काही वर्षांत आमच्या बाजारपेठांत फ्लेक्सचे राज्य झाले. चतुर्थी आली, की लहानमोठे प्रत्येक दुकान एक फलक छापून घेते. त्यावर गणपती, त्याशेजारी मालाचे चित्र, खाली शुभेच्छा आणि कोपऱ्यात वर्षाचा आकडा. भाद्रपदातला पाऊस आणि वारा त्या फलकाला चार दिवसांत फाडतो. उरलेला तुकडा गटारात किंवा कचऱ्याच्या ढिगात जातो. हा फलक ज्या पदार्थाचा असतो तो पीव्हीसी मातीत कुजत नाही, आणि जाळला तर विषारी वायू सोडतो. केंद्र सरकारने १२ ऑगस्ट २०२१ रोजी काढलेल्या नियमांनुसार १०० मायक्रॉनपेक्षा पातळ असलेल्या प्लॅस्टिकच्या वा पीव्हीसीच्या फलकांवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. १०० मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा एक दशांश भाग. म्हणजे कायद्याने पातळ फलक बंद केला. पण जाड फलक एकदा वापरून फेकून देण्याची सवय बंद करणे हे कायद्याचे काम नव्हे. ते आपले काम आहे.

या सवयीला एक उपाय आता सहज मिळू लागला आहे. काचेला चिकटणारी, परंतु मागे गोंद नसलेली व्हिनाइलची फिल्म मिळते. छपाईवाले तिला क्लिंग व्हिनाइल म्हणतात. आम्ही तिला येथे 'काचपट्टी' म्हणू. तिचीही घडण पीव्हीसीचीच. हा मूळचा कडक पदार्थ मऊ व लवचीक करण्याची युक्ती अमेरिकेतील वाल्डो सीमन या रसायनशास्त्रज्ञाने १९२६ साली शोधून काढली. काचपट्टी स्थिर विजेमुळे चिकटते असे तिच्या इंग्रजी नावावरून वाटते; परंतु तिचा खरा आधार निराळा आहे. फिल्म मऊ आणि काच गुळगुळीत, त्यामुळे दोहोंमध्ये हवा उरत नाही आणि पट्टी जागच्या जागी बसते. म्हणूनच ती भिंतीवर, लाकडावर किंवा खरखरीत काचेवर टिकत नाही. लावण्याची रीत मुलांनाही जमेल अशी आहे. काच स्वच्छ पुसावी, साबणाचे दोन थेंब टाकलेले पाणी तिच्यावर शिंपडावे, पट्टी ठेवावी आणि मधून कडांकडे हलक्या हाताने पाणी सारीत जावे. काढताना कोपरा धरून सावकाश सोडवावी, धूळ धुऊन टाकावी, वाळवावी आणि मूळच्या कागदावर परत सपाट बसवून सावलीत ठेवावी. घडी घातली की ती कायमची बिघडली.

ही माहिती आम्ही पुस्तकातून मिळविली नाही. आमच्या शाळेजवळ एका काकींचे लहानसे दुकान आहे. घरी केलेले पदार्थ त्या विकतात. उन्हाळ्यात सोलां आणि फणसाची साठां, चतुर्थीला नेवऱ्या, दिवाळीला फोव, नाताळात पुन्हा नेवऱ्या. समोर मोठे दुकान झाले, पलीकडे मोबाइलवरून घरपोच खाऊ येऊ लागला, आणि काकींच्या दुकानासमोर थांबणारी पावले कमी होत गेली. प्रत्येक सणाला एक नवा फलक छापण्यात त्यांची दोन दिवसांची कमाई जाई. "औंदा फलक करचो ना," असे त्या एकदा म्हणाल्या, तेव्हा त्यांच्या बोलण्यात काटकसरीपेक्षा थकवा अधिक होता. आमच्या इयत्ता नववीच्या काही विद्यार्थ्यांनी ते ऐकले आणि ते आमच्यापाशी आले. "सर, काकींच्या काचेवर आपण काही लिहून देऊ या का?" अशी त्यांची विचारणा होती.

त्यानंतर जे घडले त्यातून आम्ही मुलांना शिकविले त्यापेक्षा स्वतः अधिक शिकलो.

पहिला धडा असा, की जे बदलते आणि जे बदलत नाही ते वेगवेगळे लिहावे. आमच्या घरी चतुर्थीला माटोळी बांधतात. तिची लाकडी चौकट वर्षानुवर्षे तीच असते. तिला बांधायची फळे, पाने आणि रानातल्या वेली दरवर्षी ताज्या आणतात. आकाशकंदिलाचेही तसेच. जपून ठेवला तर बांबूचा सांगाडा पुढच्या वर्षी चालतो, कागद तेवढा नवा. मुलांनी काकींच्या काचेसाठी हाच विचार केला. 'घरच्या नेवऱ्या' ही एक पट्टी, 'चतुर्थी' ही दुसरी, 'नाताळ' ही तिसरी. ख्रिस्ती घरांच्या कुस्वारात नेवरी असतेच, तेव्हा पहिली पट्टी भाद्रपदात लागली की डिसेंबरात पुन्हा लागणार. वर्षाचा आकडा कोठेही नाही. भावही नाही, तो काचेखाली ठेवलेल्या पाटीवर खडूने लिहायचा, कारण नारळाचा भाव काही आमच्या छपाईला विचारून चढत नाही.

दुसरा धडा अक्षरांच्या मापाचा. दहा फुटांवरून नीट वाचता यावे म्हणून अक्षराची उंची निदान एक इंच असावी, असा फलक लिहिणाऱ्यांचा ढोबळ हिशेब आहे. परंतु तो रोमन अक्षरांवरून बसविलेला. आपल्या देवनागरीत शिरोरेघेच्या वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार. पूर्ण ओळीची उंची मोजून समाधान मानले तर मधले अक्षर बारीकच राहते. रस्त्यापलीकडच्या माणसाला वीस फुटांवरून वाचायचे, तेव्हा मुलांनी नुसत्या अक्षराची उंची चार इंच धरली. शिवाय दिवसा बाहेर ऊन आणि आत सावली असल्यामुळे काच आरशासारखी होते आणि गडद अक्षरे तीत बुडतात. म्हणून पांढरा व पिवळा रंग निवडला. चतुर्थी पावसात येते, म्हणून पट्टी आतल्या बाजूने लावायचे ठरले. आणि आतून लावायची तर अक्षरे बाहेरून सुलट दिसतील अशी उलटी छापून घ्यावी लागतात. हे सर्व मुलांनी कागदावर आखून काढले. गणित, शास्त्र आणि चित्रकला या तीन तासिकांना एका काचेवर एकत्र आलेले आम्ही प्रथमच पाहिले.

तिसरा धडा मात्र आमच्या स्वतःच्या विषयाचा होता, आणि तो आम्हांस लाजविणारा ठरला. पट्टी छापून आली ती 'नेव-या' अशी. वकाराच्या आणि याकाराच्या मध्ये एक आडवी रेघ! छपाईच्या यंत्रात 'ऱ्य' हे जोडाक्षर नीट उमटले नव्हते. दोष एकट्या छपाईवाल्याचा म्हणावा तर नमुना आम्हांसच मोबाइलवर दाखविला होता, आणि आम्ही घाईत 'ठीक' म्हणून कळविले होते. काकी म्हणाल्या, "जाता सर, लोकांक समजता." लोकांना समजते हे खरे. फ्लेक्सच्या फलकावर ही चूक असती तर आठवड्याभरात ती गटारात गेली असती आणि आमचेही मन निवांत झाले असते. पण ही पट्टी दरवर्षी दोनदा लागणार होती! तीच चूक, त्याच काचेवर, शाळेच्या वाटेवर, आमच्याच विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर, पुनःपुन्हा. शेवटी चित्रकलेत हुशार असलेल्या एका मुलीने ती रेघ कातरून टाकली आणि कडेच्या उरलेल्या फिल्ममधून अर्ध्या रकाराची छोटी कोर कापून तेथे बसविली. काकींना नवा खर्च पडला नाही. जे पुन्हा वापरायचे आहे ते पहिल्याच वेळी शुद्ध असावे लागते, हे शुद्धलेखनाच्या शंभर तासिकांत आम्हांस इतके स्पष्टपणे सांगता आले नव्हते.

याच पट्टीवरून आणखी एक प्रश्न निघाला. आम्ही घरी कोंकणी बोलतो आणि शाळेत मराठी शिकवितो. आमच्या बहुसंख्य वाचकांच्या घरांतही थोड्याफार फरकाने हेच आहे. मग काचेवर मराठी 'नेवऱ्या' असावे की कोंकणी 'नेवऱ्यो'? गोव्यात या प्रश्नावरून पूर्वी किती कडवटपणा झाला ते वडील मंडळींना ठाऊक आहे. वर्गातही दोन बाजू पडल्या. तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने, जो एरवी तासाला क्वचितच तोंड उघडतो, सांगितले, "सर, फरक फक्त एका मात्रेचा आहे. मात्रा वेगळी कापू या." खरेच, 'नेवऱ्या'च्या शेवटच्या कान्यावर एक मात्रा चढविली की 'नेवऱ्यो' होते! तेव्हापासून काकींच्या काचेवर ती मात्रा त्यांच्या इच्छेनुसार कधी असते, कधी नसते. दोन भाषांमधले अंतर दोन इंचांच्या पट्टीएवढे असू शकते, हे त्या मुलाने आम्हां शिकलेल्यांना दाखविले. वाद मिटला असे आम्ही म्हणत नाही. पण त्या दिवशी वर्गात तरी तो हसण्यात निघाला.

आता आमच्या मुख्य म्हणण्याकडे येतो. पट्ट्यांचा मजकूर ठरविताना एका विद्यार्थ्याने 'आज शेवटचा दिवस' अशी पट्टी सुचविली होती. मोठ्या दुकानांत अशी वाक्ये तो रोज पाहतो. त्यात त्याचा दोष नाही. काकींनी ते वाचले आणि विचारले, "आनी फाल्यां गिरायक कितें म्हणटलें?" उद्या तीच पट्टी पाहून गिऱ्हाईक काय म्हणेल? मुलगा निरुत्तर झाला. एकदा लावून फेकायच्या फलकावर असत्य खपते, कारण फलक नाहीसा होतो आणि त्याच्याबरोबर आठवणही. जी अक्षरे पुन्हा लावायची आहेत त्यांच्यावर असत्य लिहिता येत नाही. ती दुसऱ्या दिवशी आपल्यालाच खोटे पाडतात.

आणि याचीच दुसरी बाजू त्याहून मोलाची आहे. मुलांनी 'ताज्या' अशी एक छोटी पट्टी केली होती, ती 'घरच्या नेवऱ्या'च्या वर बसे. चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात एका संध्याकाळी आम्ही दुकानावरून जात होतो. काकी स्टुलावर उभ्या राहून काचेवरची तेवढी एकच पट्टी सोडवीत होत्या. आम्ही विचारले तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "उरिल्ल्यो कालच्यो." उरलेल्या नेवऱ्या कालच्या होत्या, म्हणून 'ताज्या' हा शब्द खाली आला. दुकानात त्या वेळी गिऱ्हाईक नव्हते. कोणी पाहत नव्हते. त्यांना एकूणएक नेवरी विकली जाण्याची गरज होती, हे आम्हांस ठाऊक होते. तरी त्यांनी तो शब्द काढला, कागदावर नीट बसविला आणि फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी नवा घाणा झाल्यावर तो परत वर चढला.

आमच्या मते काढता येणाऱ्या अक्षरांचे सारे महत्त्व या एका कृतीत आहे. छापलेल्या फलकाला आपला शब्द मागे घेता येत नाही. सकाळी खरे असलेले संध्याकाळी खोटे झाले तरी तो तेच ओरडत राहतो. काचपट्टीला शब्द मागे घेता येतो. पण घेता येतो एवढेच. घ्यायचा की नाही हे माणसावर आहे. साधन प्रामाणिक नसते. ते प्रामाणिकपणाला फक्त वाव देते.

या लेखावर आक्षेप येतील, आणि त्यांतील एक तर आम्ही स्वतःच घेतो. काचपट्टी हेही प्लॅस्टिकच आहे. तेव्हा 'पुन्हा वापरता येते' या नावाखाली दर सणाला नवी काचपट्टी छापून घेणारा दुकानदार फ्लेक्सवाल्याहून तसूभरही बरा नव्हे. पुन्हा वापरता येणे हा वस्तूचा गुण झाला. पुन्हा वापरणे हा आपला. ज्याला पट्टी दोन-चार वेळा तरी लावायची नाही, त्याने साधा कागद लावावा किंवा धुता येणाऱ्या खडूच्या रंगाने काचेवर लिहावे. ते अधिक स्वस्त आणि अधिक निर्दोष.

दुसरा आक्षेप पेंटर मंडळींचा असू शकतो, आणि तो आम्हांस मान्य आहे. हाताने पाट्या रंगविणारे कारागीर फ्लेक्समुळे बेकार झाले. आता या पट्ट्यांमुळे त्यांना काय मिळणार? आमची सूचना अशी, की अक्षरे यंत्रातून निवडण्याऐवजी गावच्या पेंटरकडून कागदावर लिहून घ्यावीत, त्याचा मोबदला द्यावा, आणि मग तीच अक्षरे पट्टीवर छापून घ्यावीत. वर्षानुवर्षे लागणारी अक्षरे सुंदर असावीत. आणि 'ऱ्य' कसा काढतात हे तरी त्या कारागिराला निश्चित ठाऊक असते.

तिसरा आक्षेप असा, की चार अक्षरांनी बुडते दुकान तरत नाही. हेही खरे. काकींचे दुकान भरभराटीला आले असे सांगून आम्ही या लेखाला गोड शेवट देणार नाही. समोरचे मोठे दुकान तेथेच आहे. मोबाइलवरचा खाऊ येतोच आहे. झाले ते इतकेच, की फलकाचा दर सणाचा खर्च थांबला, नेवऱ्या कोठे मिळतात हे रस्त्यापलीकडून कळू लागले, आणि 'ताज्या' हा शब्द वर आहे की नाही हे पाहूनच काही गिऱ्हाइके आत येऊ लागली. हे शेवटचे आम्हांस सर्वांत मोठे वाटते. पोदेराच्या भोंग्यावर जसा विश्वास, तसा एका काचेवरच्या शब्दावर बसू लागला आहे.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासमोर एक विनंती ठेवतो. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी लहानसे दुकान आहे. कोणाची शिलाई, कोणाची वह्या-पुस्तके, कोणाचा पसरो. येत्या वर्षी प्रत्येक तुकडीने एकेका लहान दुकानाची काच आपली मानावी. दुकानदाराला आधी विचारावे, त्याचे म्हणणे ऐकावे. काच त्याची आहे, आपली नव्हे. काच सगळी झाकू नये. बाहेरच्याला आतले माणूस दिसले पाहिजे. जे वर्षभर खरे राहील तेवढेच छापावे, आणि जे बदलेल त्यासाठी खडू ठेवावा. छापण्यापूर्वी मजकूर दोघांनी मोठ्याने वाचावा, आणि मोबाइलवर 'ठीक' म्हणण्याची घाई करू नये. ही चूक आम्ही तुमच्यासाठी करून ठेवलेली आहे.

काकींच्या पट्ट्या सध्या शाळेतल्या कपाटात एका जाड पुठ्ठ्यावर सपाट ठेवलेल्या आहेत, कारण त्यांच्या दुकानात चुलीची ऊब फार. 'ताज्या' ही पट्टी मात्र त्यांनी आपल्याजवळच ठेवून घेतली आहे. ती त्यांना रोज लागते.